चिकटवहीसाठी केलेलं ध्यान

मुलगी तिसरीत असताना शाळेतून फर्मान आलं, स्क्रॅपबुक करून आणा. विषय होता 'हमारे त्योहार' आणि मुदत तीन दिवसांची. मुलीने दोन चित्रं वहीत चिकटवली, तिसरं स्वतःच्या फ्रॉकला चिकटवलं आणि ती खेळायला निघून गेली. उरलेली वही मी पूर्ण केली. जुन्या कॅलेंडरातून पणत्या कापल्या, राखीचा गोंडा सोडवून लावला, ईदच्या पानावर शेवयांच्या पुड्यावरची चंद्रकोर बसवली. वहीवर बाईंचा शेरा आला, 'बहुत सुंदर'. मुलीने तो बघितला न बघितला आणि दप्तर फेकलं. मी मात्र तो शेरा चार-पाच वेळा उघडून वाचला. सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून मला दहा वर्षं झाली होती. तिथे माझ्या कुठल्याही कागदावर 'सुंदर' असं कोणी लिहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी लखनौच्या विकास नगर बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि जाड कागदाची एक वही मागितली.

"बच्चा किस क्लास में है?" दुकानदाराने विचारलं.

मी छत्तीस वर्षांची होते. वही माझ्यासाठी आहे म्हणायला जीभ रेटली नाही. "थर्ड में," मी म्हणाले.

दोन वर्षं मी त्याच दुकानातून वह्या, घोटीव कागद आणि डिंकाच्या बाटल्या घेत राहिले आणि दर वेळी बच्चा तिसरीतच राहिला. शेवटी एकदा दुकानदाराने आवाज खाली आणून मला सांगितलं, "बहनजी, बुरा मत मानिएगा. ट्यूशन लगवा दीजिए."

चिकटवहीत काय लावायचं याला माझ्याकडे कसलाही नियम नव्हता. मिठाईच्या डब्यावरचं झाकण, टेंपोत, म्हणजे इथल्या शेअर रिक्षात, सापडलेलं कोणाचं तरी केसांचं फूल, शिंप्याकडच्या चिकनकारीच्या चिंध्या, लग्नाच्या पत्रिका. पत्रिकांवर माझा विशेष जीव होता. लखनौतल्या पत्रिकांना जरीचे गोंडे असत, आत पातळ कागद असे आणि उघडल्याबरोबर अत्तराचा वास येई. लग्न झालं की लोक त्या टाकून देत आणि मी मागून घेई. प्रत्येक गोष्टीखाली मी मराठीत दोन-तीन ओळी लिहीत असे. मनात आलेलं जसंच्या तसं. घराबाहेर ते वाचणारं इथे कोण होतं?

अडचण वेळेची होती. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. नवऱ्याची नोकरी एका सार्वजनिक कंपनीत, चिनहटच्या बाजूला. माझी कचेरी पार दुसऱ्या टोकाला, आलमबागेत. सकाळी पोळ्या, चार डबे, दोन वेण्या, मग दोन टेंपो बदलून कचेरी. संध्याकाळी तेवढेच टेंपो उलट्या दिशेने. घरात पाय ठेवला की मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा एकदम हिंदीत ओरडायला लागत. मी मराठीत विचारायचं, त्यांनी हिंदीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीतच होती.

नवरा स्वभावाने गरीब. त्याने मला कधी अडवलं नाही. पण त्याचं एक वाक्य होतं. मी कात्री हातात घेऊन बसले की तो दारातून डोकावून म्हणे, "अगं, काही करत नाहीयेस ना? मग जरा..." त्या 'जरा'च्या पुढे कधी शर्टाचं बटण असे, कधी चहा, कधी गावाकडे लिहायचं पत्र. मी भाजी चिरत असले तर तो असं म्हणत नसे. झाडू मारत असले तर पाय वर घेऊन बसे. फक्त चिकटवत असले की मी त्याला रिकामी दिसे.

घरी जमेना म्हणून मी कचेरीत प्रयत्न करून पाहिला. जेवणाच्या सुटीत अर्धा तास मिळे. वही न्यायला अवघड, म्हणून मी सुटं पान एका सरकारी फायलीच्या पुठ्ठ्यात घालून नेऊ लागले. लांबून बघणाऱ्याला वाटे, बाई जेवायच्या सुटीतही काम करताहेत. एक दिवस मी हात धुवायला गेले आणि चपराशी टेबलावरच्या सगळ्या फायली उचलून साहेबांकडे घेऊन गेला. त्यात माझीही गेली. त्या पानावर काडेपेटीवरचे चार मोर आणि मधोमध रेवडीच्या पाकिटावरचा एक तांबडा बदाम होता.

फाईल दुसऱ्या दिवशी परत आली. मोरांच्या बाजूला हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'कृपया चर्चा करें'. खाली सही.

मी केबिनमध्ये गेले. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "ये मोर किस संदर्भ में हैं?"

"सर, राष्ट्रीय पक्षी," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांनी पान उलटसुलट फिरवून बघितलं. "अच्छा. और ये पान का पत्ता?"

"पान का पत्ता नहीं है सर, दिल है."

"फिर ये हमारे विभाग का मामला नहीं है," असं म्हणून त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. ते पान मी सहीसकट पुढच्या वहीसाठी जपून ठेवलं. पण कचेरीतलं चिकटवणं तिथेच थांबलं.

त्या थंडीत सासरे आमच्याकडे राहायला आले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. ते शाळामास्तर होते, निवृत्त झालेले, उंच, हडकुळे आणि शब्दाला फार कंजूष. सकाळी बुद्धाच्या मूर्तीसमोर वंदना म्हणत आणि संध्याकाळी बरोबर साडेसहाला पुढच्या खोलीत डोळे मिटून ध्यानाला बसत. सव्वासातला उठत. त्या पाऊण तासात घरात जे काही घडे ते बघून मी थक्क झाले. मुलगा चवड्यांवर चालू लागला. नवरा कुकरची शिट्टी व्हायच्या आत धावत जाऊन गॅस बंद करू लागला. दारावर भाजीवाला आला तर मुलगी ओठावर बोट ठेवून त्याला फाटकापर्यंत मागे ढकलत नेई. मामाजींना कोणीही, एकदाही, 'काही करत नाहीये ना, मग जरा' असं म्हणालं नाही. आणि खरं पाहिलं तर ते खरोखरच काही करत नव्हते!

हे मी चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "मला वाटतं, मीही ध्यानाला बसावं."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मामाजींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बस की."

"पण मला एकांत लागेल. मी स्टोअरमध्ये बसेन. दार लावून."

स्टोअर म्हणजे स्वयंपाकघराशेजारची एक चिंचोळी खोली. तिच्यात गव्हाची टाकी, रजयांची मोठी पेटी आणि मुलाचं क्रिकेटचं सामान. वर एक बल्ब. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी आत गेले, कडी लावली, रजयांच्या खालून चिकटवही काढली आणि पेटीवर पसरली. बाहेर चिटपाखरू बोलत नव्हतं. कात्रीचा आवाज होऊ नये म्हणून मी पहिली पत्रिका शालीच्या आत धरून कापली. पाऊण तासाने मी बाहेर आले तेव्हा मला खरोखर हलकं वाटत होतं.

"कसं वाटतंय?" नवऱ्याने अगदी दबक्या आवाजात विचारलं.

"शांत," मी म्हणाले. हे तरी खोटं नव्हतं.

मग रोजच. माझी वही भराभर भरू लागली आणि माझा लौकिकही वाढू लागला. पहिला दिवस संपला तेव्हा मला वाटलं होतं, दोन-तीन दिवसांत खरं सांगून टाकू. पण नवरा आपणहून डबे घासू लागला होता. मुलगी मैत्रिणींना सांगत होती, "मम्मी इस टाइम नहीं मिलेंगी, साधना में हैं." अशा वेळी माणूस खरं कसं सांगणार? मी ठरवलं, ही वही संपली की सांगीन. वही संपली आणि मी दुसरी आणली.

एकदा मात्र माझी पुरती गोची झाली. मामाजी म्हणाले, "आज मी बी येतो अंदर. दोघं मिळून बसू." नाही म्हणायला कारण सापडेना. आम्ही दोघं स्टोअरमध्ये चटईवर बसलो, ते टाकीला टेकून, मी पेटीला. त्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. सकाळीच मी मिठाईच्या डब्यावरची एक सुंदर जाळी कापून ठेवली होती आणि ती पेटीच्या फटीतून माझ्या पाठीला टोचत होती. ती कुठल्या पानावर लावावी, उजवीकडे की डावीकडे, खाली हिरवा कागद घालावा की जांभळा, याच्यापलीकडे माझं मन गेलंच नाही. पाऊण तास मी इतकं एकाग्र चित्ताने आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. मामाजी उठले, गुडघ्यांवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगली बसते वो तू." मग बाहेर गेले. परत कधी आत आले नाहीत.

आमच्या शेजारी एक भाभीजी राहत. गोऱ्या, गोल, बोलक्या. त्यांचं घर आमच्या घराला एवढं लागून होतं की त्यांच्याकडे जिऱ्याची फोडणी पडली की आमच्याकडे शिंका येत. त्यांनी एक दिवस कुंपणावरून मला धरलं.

"बहनजी, आपके चेहरे पे आजकल एक चमक है. क्या लगाती हैं?"

चमक होती हे खरं. आदल्या दिवशी चमकी कागद कापला होता आणि त्याची भुकटी गालावरून अजून गेली नव्हती. मी काही बोलायच्या आत माझ्या मुलीने मागून सांगून टाकलं, "आंटी, मम्मी ध्यान करती हैं."

झालं! भाभीजींनी आमच्या गल्लीत ही बातमी पोचवली. आठ दिवसांत त्यांनी मला गाठून सांगितलं की रविवारी चार वाजता त्या येणार आहेत, मी त्यांना शिकवायचंच आहे. बरोबर "बस दो-चार लोग" असतील.

मी घाबरून मामाजींकडे गेले. "मामाजी, तुम्हीच शिकवा ना त्यांना."

त्यांनी वर्तमानपत्र जरासं खाली केलं. "मले काहून सांगतं? तुले म्हटलं त्यांनी." आणि वर्तमानपत्र पुन्हा वर.

रविवारी नऊ बायका आल्या. नवऱ्याने सकाळपासून पुढची खोली झाडून गाद्या घातल्या होत्या आणि उदबत्तीही लावली होती. स्वतः तो दाराशी उभा राहून सगळ्यांच्या चपला जोडीने लावत होता, इतका त्याला माझा अभिमान वाटत होता. मामाजी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. मी मधोमध बसले आणि मामाजींच्या तोंडून जे काही ऐकलं होतं ते हिंदीत सांगितलं. "आँखें बंद कीजिए. साँस आ रही है, जा रही है, बस उसको देखिए."

एक मिनिट छान गेलं.

"बहनजी," कोपऱ्यातून एक आवाज आला, "मैं राजमा भिगोकर आई हूँ. बार-बार उसी का खयाल आ रहा है."

"आने दीजिए," मी म्हणाले. "आएगा और चला जाएगा."

थोड्या वेळाने तोच आवाज. "नहीं जा रहा."

दुसरीकडून संथ घोरणं सुरू झालं. त्या बाई आल्या तेव्हाच म्हणाल्या होत्या की त्यांना घरात झोपायला मिळत नाही. त्यांना उठवायचा धीर कोणालाच होईना. भाभीजींनी एक डोळा उघडून मला विचारलं, "आपको अंदर क्या दिखता है?"

"रंग दिखते हैं," मी म्हणाले. डोळ्यांसमोर खरंच होते.

"कौन से?"

"गुलाबी. किनारे पे थोड़ा सुनहरा."

"हाय!" भाभीजींनी छातीला हात लावला. "हमको तो बस अँधेरा दिख रहा है."

गुलाबी आणि सोनेरी ही त्यांच्याच नणंदेच्या लग्नाची पत्रिका होती. दुपारी, पाहुण्या यायच्या आत दहा मिनिटं मिळाली म्हणून मी ती घाईघाईने खळ लावून चिकटवली होती आणि सुकायला म्हणून वही पेटीवर उघडी ठेवली होती. तिच्याशेजारी मुलाची बॅट उभी होती. बॅट कधी घसरून वहीवर आडवी पडली ते देवालाच ठाऊक.

मागच्या दाराने मुलगा आत आला, स्टोअरमध्ये गेला, खडखडाट झाला आणि पडदा सरकवून तो थेट आमच्या मधोमध येऊन उभा राहिला. त्याने बॅट वर धरली होती. बॅटला माझी चिकटवही लोंबत होती.

"मम्मी, आपकी वो ध्यान वाली किताब बैट से चिपक गई है. छुड़ा दो ना, मेरी बैटिंग है."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. दाराला फट होती, हे मला नंतर कळलं.

नऊ बायकांनी डोळे उघडले. झोपलेल्या बाईंनीही. मी उठेपर्यंत भाभीजींनी एका हाताने बॅट आणि दुसऱ्या हाताने वही धरून हळूहळू सोडवली, मुलाच्या हातात बॅट दिली आणि वही मांडीवर ठेवली. उघडं पान होतं ते नेमकं गुलाबी.

"अरे! ये तो हमारी ननद का कार्ड है!"

सगळ्या जणी त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. आता मला आठवलं की मराठीची आणि हिंदीची लिपी एकच आहे. ही गोष्ट मी पहिलीपासून जाणत होते. पण दोन वर्षं चिकटवहीत लिहिताना ती एकदाही माझ्या डोक्यात आली नव्हती. भाभीजींनी पत्रिकेखालची ओळ मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "पनीर... सम्पलं. नवरदेव घोड्यावरून उतरेना." त्यांनी वर बघितलं. "पनीर समझ में आया. सम्पलं मतलब?"

"संपन्न," मी म्हणाले. तोंडातून कसं निघालं कोण जाणे. "मतलब, पनीर बहुत संपन्न था."

"अच्छा!" भाभीजींचा चेहरा फुलला.

माझी मुलगी पाण्याचे ग्लास घेऊन आत येत होती. पाचवीतली मुलगी, शाळेत हिंदीत पहिली येणारी. "नहीं आंटी," ती म्हणाली. "संपलं मतलब खत्म हो गया. मम्मी रोज़ बोलती हैं ना, दूध संपलं, साखर संपली. और उतरेना मतलब उतर ही नहीं रहे थे."

भाभीजींनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

"पनीर खत्म नहीं हुआ था," भाभीजी सावकाश म्हणाल्या. "मटर ज़रा ज़्यादा थे."

"खत्म हुआ था भाभीजी," राजमावाल्या बाई म्हणाल्या. "हम तो प्लेट लेके वहीं खड़े थे. चमचे में खाली मटर आया."

"आप लाइन में पीछे लगी होंगी!"

"पीछे? हम तो बारात से पहले पहुँच गए थे!"

आणि मग सगळ्याच बोलू लागल्या. कोणाला पनीर मिळालं, कोणाला नाही, नवरदेव घोड्यावरून का उतरत नव्हते याची तीन निरनिराळी कारणं. वही या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती. प्रत्येकीला तिच्यात काही ना काही स्वतःचं सापडत होतं. एकीच्या मुलाच्या मुंडनाचं, म्हणजे जावळाचं, बोलावणं, एकीने फेकलेल्या दुपट्ट्याची किनार. साहेबांच्या सहीचं मोरांचं पानही हातोहात गेलं. गोंधळ जरा कमी झाल्यावर झोपेतून उठलेल्या बाईंनी तो प्रश्न विचारला, जो विचारला जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात विनवणी करत होते. "तो फिर बहनजी, वो ध्यान?"

मी सगळं सांगितलं. खाली मान घालून, गादीच्या शिवणीकडे बघत. ध्यान नव्हतंच, चिकटवणंच होतं, आणि चिकटवायला बसते म्हटलं तर कोणी बसू देत नाही म्हणून.

दारातून नवऱ्याचा आवाज आला. त्याच्या हातात कोणाची तरी एक चप्पल होती. "म्हणजे मी दीड महिना टीव्हीचा आवाज बंद करून मॅच बघतोय!"

मराठी कोणाला कळलं नाही, पण त्याच्या तोंडाकडे बघून आठ बायका हसत सुटल्या. फक्त भाभीजी हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली, माझ्या हातात दिली आणि पदर सावरून निघून गेल्या.

सगळ्या गेल्यावर मी व्हरांड्यात गेले. मामाजी खुर्चीतच होते. मी म्हणाले, "मामाजी, चुकलं माझं. ध्यानाच्या नावावर असं करायला नको होतं."

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "ध्यानातून उठलेल्या माणसाच्या बोटाला बोट चिकटत नाही."

मी चकित झाले. "मग बोलला का नाहीत?"

ते थोडे ओशाळले. मास्तर ओशाळलेले मी पहिल्यांदाच बघितले. "तू अंदर बसली की पोरं डबल चूप राहत. माझं ध्यान इतकं चांगलं कधीच झालं नव्हतं, बाप्पा. बोललो असतो तर बंद झालं असतं." मग त्यांनी घसा साफ केला. "पण खोटं बोलली, ते काही बरं नाही केलं. उद्यापासून खरं सांगून बस. मी चिकटवून राहिली म्हणून सांगायचं. तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी चिकटवायला बसतेय." स्टोअरमध्ये न जाता जेवणाच्या टेबलावर वही पसरली. दहा मिनिटांनी नवरा आला. "अगं, काही करत नाहीयेस ना, मग ज..." पुढच्या खोलीतून मामाजी खोकले. ध्यानात असलेला माणूस इतक्या जोरात खोकताना मी कधी ऐकला नव्हता. नवऱ्याने तोंड मिटलं आणि बटण स्वतः लावायला घेतलं. ते शर्टाच्या उलट्या बाजूला लागलं, पण लागलं.

भाभीजी आठ दिवस बोलल्या नाहीत. फोडणीच्या वासावरून कळे की घरात आहेत. नवव्या दिवशी संध्याकाळी त्या एक कापडी पिशवी घेऊन आल्या आणि काही न बोलता ती टेबलावर पालथी केली. पत्रिकांचा ढीग पडला, सगळ्या सासरच्या. मग त्यांनी गुलाबी पान काढायला लावलं, पर्समधून स्वतःचं पेन काढलं आणि माझ्या ओळीखाली हिंदीत लिहिलं, 'पनीर था. मटर भी था.' खाली सही केली, तारीखही घातली. पेनाचं टोपण लावून म्हणाल्या, "कैंची दूसरी है क्या?" मी मुलीची दिली. त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा त्या येऊ लागल्या. कापण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा बरा होता, फक्त बोलणं थांबत नसे.

हे सगळं सुरळीत चाललेलं बघून एका शनिवारी नवऱ्याने जाहीर केलं की त्यालाही एक तास हवा.

"कशासाठी?" मी विचारलं.

"कशासाठीच नाही. मला गच्चीवर खाट टाकून पडायचंय. काही करायचं नाहीये, तेच करायचंय." रविवारी चार ते पाच हा तास त्याला मिळाला. मग मुलगा म्हणाला, मला पण. मुलगी म्हणाली, भाई को मिला तो मुझे भी. सोपं पडावं म्हणून सगळ्यांचे तास रविवारी चार ते पाच असेच ठरले. मामाजींनी फक्त मान हलवली आणि तेही आपलं आसन घेऊन बसले.

पहिल्याच रविवारी सव्वाचारला दाराची घंटा वाजली. मी डिंक लावलेला कागद हातात धरून होते, सोडला असता तर उलटा चिकटला असता. गच्चीवर नवऱ्याने घंटा ऐकली आणि त्याला वाटलं, खाली चार माणसं आहेत. मुलगी खोलीचं दार आतून लावून मैत्रिणीला चिठ्ठी लिहीत होती. मुलगा पलंगाखाली होता. तो तिथे काय करत होता हे त्याने आजतागायत सांगितलेलं नाही. घंटा आणखी दोनदा वाजली. मामाजींचे डोळे मिटलेलेच होते.

पाच वाजता सगळे बाहेर आलो तेव्हा कुंपणावरून भाभीजी ओरडत होत्या, "अरे, आप लोग घर पे ही थे? गैस वाला आया था! इतनी देर घंटी बजाई बेचारे ने, फिर सिलेंडर वापस ले गया!"

त्या सिलेंडरसाठी आम्ही तीन आठवडे थांबलो होतो. घरातला त्याच दुपारी संपला होता.

"तू का नाही उघडलंस?" नवरा मला म्हणाला.

"माझा तास होता."

"माझाही होता."

"मेरा भी," मुलगा म्हणाला.

सगळ्यांनी मामाजींकडे बघितलं. त्यांनी शांतपणे चटई गुंडाळली, स्वयंपाकघराच्या माळ्यावरून रॉकेलचा स्टोव्ह खाली काढला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि नवऱ्याच्या हातात बर्नर साफ करायची पिन दिली. पुढचे अकरा दिवस आम्ही खिचडी खाल्ली.